बर्फाची वही

मुलांनो, माझ्या अब्बांचे नांदेडला देगलूर नाक्याजवळ बॅटरीचे दुकान होते. ट्रॅक्टर, ट्रक, जीप, रिक्षा अशा सगळ्या गाड्यांच्या बॅटऱ्या तिथे दुरुस्तीला आणि चार्जिंगला यायच्या. दुकान म्हणजे पत्र्याची एक खोली. फळीवर ओळीने मांडलेल्या काळ्या बॅटऱ्या, लाल आणि काळ्या वायरींचे गुंते आणि नाकाला झोंबणारा ॲसिडचा वास. आमचे घर दुकानाच्या मागेच होते. शाळा सुटली, की मी दप्तर घेऊन दुकानातच जाऊन बसे.

अब्बांच्या हातात नेहमी एक काचेची नळी असे. तिच्या एका टोकाला रबराचा फुगा होता. फुगा दाबून सोडला, की बॅटरीतले ॲसिड नळीत चढे आणि आतली काचेची छोटी कांडी तरंगू लागे. कांडी किती वर आली ते पाहून अब्बा सांगत, "ही चालेल," किंवा "हिचे आयुष्य संपले." त्या नळीला हायड्रोमीटर म्हणतात. अब्बा फार शिकलेले नव्हते, पण हा शब्द ते अगदी बरोबर उच्चारायचे. मी एखाद्या बॅटरीकडे नुसते बघून "ही खराब झाली" असे म्हणाले, की ते हसून म्हणत, "बेटा, डोळ्यांनी बॅटरी कळत नाही. मोजल्याशिवाय बोलू नये."

ज्या बॅटरीचे आयुष्य संपले, ती दुकानाच्या मागे जाई. तिथे तिचे झाकण फोडायचे, आतल्या शिशाच्या प्लेटा काढायच्या आणि भंगारवाल्याला विकायच्या. शिसे म्हणजे तुमच्या उर्दूतले सीसा. उरलेले ॲसिड अंगणातल्या एका खड्ड्यात ओतायचे. खड्ड्यात थोडी वाफ येई, फेस येई आणि काळी माती सगळे पिऊन टाकी. थोड्या वेळाने तिथे काही दिसत नसे. मला वाटायचे, ॲसिड संपले.

त्या खड्ड्याजवळ दादीने डाळिंबाचे झाड लावले होते. मी पाचवीत असताना ते वाळले. दादीने दोन दिवस हळहळ केली. झाड का वाळले, हे कोणी कोणाला विचारले नाही.

पुढे मी लातूरला बी.एड. केले आणि तिथल्याच एका उर्दू शाळेत शिकवू लागले. २०१६ चा उन्हाळा लातूरकर कधी विसरणार नाहीत. नळ कोरडे पडले होते. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली. तिच्यात पाच लाख लिटर पाणी होते. त्या दिवसांत ज्याच्या दारातल्या बोअरला पाणी, तो श्रीमंत. घागर घेऊन रांगेत उभी असताना मला पहिल्यांदा नीट कळले, की जमिनीखालचे पाणी ही आपल्याकडे ठेवलेली अमानत आहे. ती किती उरली आहे, हे आपण विचारतो. ती कशी आहे, हे मात्र आपण फारसे विचारत नाही. मलाही तेव्हा हे सुचले नव्हते. ते सुचवले माझ्या वर्गातल्या एका मुलीने, तेही काही वर्षांनंतर.

त्या दिवशी मी नववीच्या वर्गाला अंटार्क्टिकाबद्दल सांगत होते. पृथ्वीच्या दक्षिण टोकाचा हा बर्फाचा खंड आपल्या नांदेडपासून हजारो किलोमीटर दूर आहे. भारताची पहिली मोहीम ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहून जहाजाने निघाली आणि ९ जानेवारी १९८२ रोजी तिथे पोहोचली. एकवीस जणांच्या त्या तुकडीचे नेते होते डॉ. सय्यद जहूर कासिम. अलाहाबादला जन्मलेला, अलीगढला शिकलेला हा समुद्राचा अभ्यासक. त्यांचे नाव ऐकून वर्गात मुली सावरून बसल्या. मग मी त्यांना आपल्या केंद्रांची नावे सांगितली. पहिले दक्षिण गंगोत्री, जे पुढे बर्फात गाडले गेले. मग १९८९ मध्ये उभे राहिलेले मैत्री आणि २०१२ मध्ये सुरू झालेले भारती. शेवटी मी म्हणाले, "तिथे राहणाऱ्या शास्त्रज्ञांना आपला घातक कचरा तिथे टाकता येत नाही. तो जहाजात भरून परत आणावा लागतो."

तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. "मॅडम, तिथे गाव नाही, शेत नाही, माणसांची वस्ती नाही. मग तिथे कचरा टाकला, तर कोणाचे बिघडते?"

वर्ग हसला. मला मात्र हसू आले नाही, कारण उत्तर मला येत नव्हते. "उद्या सांगते," असे म्हणून मी वेळ मारून नेली. नंतर कितीतरी दिवस मी त्या प्रश्नामागे फिरत होते. मला जे सापडले, ते तुम्हाला सांगते.

पहिली गोष्ट थंडीची. आपल्याकडे उकिरड्यावर टाकलेली भाकरी चार दिवसांत कुजते. ऊन, पाऊस, किडे आणि जंतू तिची माती करून टाकतात. ध्रुवांवर हे काम फार हळू चालते. तिथे सांडलेले डिझेल जमिनीत अनेक दशके राहते. शंभर वर्षांपूर्वीच्या प्रवाशांनी टाकलेले डबे आणि लाकडे आजही तिथे सापडतात. आपल्याला वाटते, थंड जागा म्हणजे स्वच्छ जागा. पण थंडी काहीच विसरू देत नाही. जे टाकाल, ते ती सांभाळून ठेवते.

दुसरी गोष्ट माणसांची. पूर्वी तिथे गेलेल्यांनाही त्या मुलीसारखेच वाटले होते. अमेरिकेचे मॅकमर्डो हे अंटार्क्टिकावरचे सर्वांत मोठे केंद्र. तिथे अनेक वर्षे जुनी यंत्रे, पिंपे आणि भंगार समुद्रावर गोठलेल्या बर्फावर नेऊन ठेवत असत. उन्हाळ्यात बर्फ फुटला, की सगळे समुद्रात जाई. नजरेआड झाले, म्हणजे संपले! पुढे शास्त्रज्ञांनी त्या खाडीच्या तळाचा गाळ तपासला. त्यात तेल निघाले, धातू निघाले आणि विजेच्या यंत्रांत वापरली जाणारी, लवकर नष्ट न होणारी विषारी रसायनेही निघाली.

उत्तर ध्रुवाच्या बाजूला ग्रीनलँडमध्ये अमेरिकेच्या सैन्याने १९५९ मध्ये बर्फाच्या पोटात एक छावणी खोदली होती. तिचे नाव कॅम्प सेंच्युरी. १९६७ मध्ये ती सोडून दिली. लहान अणुभट्टी होती, ती आधीच काढून नेली होती. बाकीचे तसेच राहिले, कारण बर्फ सगळे कायमचे झाकून टाकील अशी सर्वांची समजूत होती. २०१६ मध्ये शास्त्रज्ञांनी हिशेब मांडला. तिथे सुमारे दोन लाख लिटर डिझेल आणि त्याहून जास्त सांडपाणी बर्फाखाली पडून असावे. पृथ्वी तापते आहे. झाकण वितळले तर काय? मग २०१७ पासून डेन्मार्कने त्या जागी मोजमापाची यंत्रे बसवली. बर्फाचे तापमान किती, बर्फ वाढतो की वितळतो, वितळलेले पाणी किती खोल झिरपते, हे ती नोंदवतात. २०२१ च्या अभ्यासात एक दिलासा मिळाला. वितळलेले पाणी २१०० सालापूर्वी त्या कचऱ्यापर्यंत पोहोचण्याची शक्यता नाही. मुलांनो, हे लक्षात घ्या. मोजण्यामुळे नेहमी वाईटच बातमी कळते असे नाही. कधी भीतीही कमी होते. पण मोजले नसते, तर दोन्ही कळले नसते.

तिसरी गोष्ट वाऱ्याची. माझी दादी सांगायची, की तिच्या तरुणपणी घरोघर मलेरियाची फवारणी करणारे लोक यायचे. भिंतींवर डीडीटी मारायचे आणि दाराजवळ तारीख लिहून जायचे. त्या औषधाने डास मेले, असंख्य माणसे वाचली. हे उपकार विसरू नयेत. पण जगभर ते शेतातही भरमसाट वापरले गेले. अशी काही औषधे उष्ण प्रदेशात हवेत उडतात, वाऱ्याबरोबर जातात, थंड हवेत खाली बसतात, पुन्हा उडतात. असे टप्पे घेत ती ध्रुवांपर्यंत पोहोचतात. तिथे इतकी थंडी असते, की त्यांना पुन्हा उडता येत नाही. १९६६ मध्ये शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकाच्या पेंग्विन पक्ष्यांच्या शरीरात डीडीटी सापडल्याचे जाहीर केले. ज्या पक्ष्याने कधी शेत पाहिले नाही, डास पाहिला नाही, त्याच्या चरबीत आपल्या फवाऱ्याचे औषध!

आता हे सारे तपासतात कसे, ते ऐका. यासाठी एक शब्द आहे, नमुना. तो मराठीतही आहे आणि तुमच्या उर्दूतही. शास्त्रज्ञ बर्फाचा, मातीचा, दगडावर वाढणाऱ्या दगडफुलाचा, समुद्रतळाच्या गाळाचा नमुना घेतात. पण एक नमुना घेऊन भागत नाही. केंद्राजवळचा एक घ्यायचा आणि केंद्रापासून दूर, वारा जिकडून येतो त्या बाजूचा एक घ्यायचा. दोन्हींची तुलना केली, तरच कळते की घाण आपण केली की ती आधीच होती. शिवाय एक रिकामी स्वच्छ बाटली सोबत न्यायची आणि तीही तपासायची. तिच्यात काही निघाले, तर दोष बाटलीचा किंवा आपल्या हातांचा. आणि हे सगळे त्याच जागी, त्याच पद्धतीने, वर्षामागून वर्षे करायचे. एका वर्षाचा आकडा मुका असतो. दहा वर्षांचे आकडे शेजारी शेजारी ठेवले, म्हणजे ते बोलू लागतात.

क्लेअर पॅटरसन नावाचे एक अमेरिकन शास्त्रज्ञ होते. त्यांना शिसे मोजायचे होते, पण दर वेळी आकडा भलताच यायचा. शेवटी त्यांच्या लक्षात आले, की शिसे त्यांच्या प्रयोगशाळेच्या हवेत, धुळीत, स्वतःच्या कपड्यांवरच आहे. त्यांनी आधी आपली प्रयोगशाळा स्वच्छ केली. मग ग्रीनलँडचा बर्फ तपासला. दरवर्षी पडलेला बर्फ मागच्या वर्षीच्या बर्फावर बसतो. वरचा थर नवा, खालचा थर जुना. जणू वहीची पानेच. १९६९ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी दाखवले, की जुन्या पानांपेक्षा नव्या पानांवर शिसे कितीतरी पटींनी जास्त आहे. गाड्यांच्या पेट्रोलमध्ये तेव्हा शिसे मिसळत असत. तेच धुरातून उडून बर्फावर जाऊन बसले होते. पुढे एकेका देशाने शिशाचे पेट्रोल बंद केले. आपल्या देशात ते २००० साली बंद झाले. आणि काय सांगू, १९९१ पर्यंतच ग्रीनलँडच्या ताज्या बर्फात शिसे पुष्कळ कमी झालेले दिसले! वहीच्या नव्या पानांवर आकडा उतरू लागला होता. ध्रुवांवरच्या अशा बर्फाच्या कांड्या आपल्या देशातही आहेत. गोव्यात वास्को-द-गामा येथे राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे. तिथे त्या शून्याखाली वीस अंशांच्या थंडीत जपून ठेवतात आणि वाचतात.

आता चौथी गोष्ट. ती वाचताना माझे बोट एका ओळीवर थांबले.

४ ऑक्टोबर १९९१ रोजी माद्रिद शहरात अनेक देशांनी अंटार्क्टिकाच्या रक्षणाचा एक करार केला. १४ जानेवारी १९९८ पासून तो लागू झाला. भारतही त्यात आहे. २०२२ मध्ये आपल्या संसदेने त्यासाठी स्वतंत्र कायदाही केला. त्या करारात कचऱ्याचे एक वेगळे प्रकरण आहे. कोणता कचरा अंटार्क्टिकावरून परत न्यायचा, याची त्यात यादी आहे. पहिले नाव किरणोत्सारी पदार्थांचे. दुसरेच नाव होते, बॅटऱ्या. पुढे इंधन, शिशासारखे जड धातू असलेला कचरा, प्लास्टिक, तेलाची पिंपे.

मी पुस्तक मिटले. हजारो किलोमीटरवर, जिथे गाव नाही, शेत नाही, तिथल्या बर्फात एक बॅटरी टाकायला मनाई. आणि आमच्या अंगणात? तिथे तर माझ्या भावाची दोन वर्षांची मुलगी रोज मातीत खेळते. त्याच अंगणातल्या बोअरचे पाणी आम्ही पितो, शेजारची चार घरेही पितात. शिशाचा सर्वांत जास्त त्रास लहान मुलांनाच होतो. ते मेंदूच्या वाढीत अडथळा आणते, आणि शरीरात गेलेले किती शिसे चालेल, अशी सुरक्षित मर्यादा डॉक्टरांना अजून सापडलेली नाही.

शनिवारी शाळा सुटल्यावर मी नांदेडची एस.टी. पकडली.

अब्बांचे दुकान तोवर बंद झाले होते. ते ओट्यावर बसून चहा पीत होते. मी विचारले, "अब्बा, ते ॲसिड आपण मागच्या खड्ड्यातच ओतायचो ना?"

"तुला माहीत आहे की. आज का विचारतेस?"

मी यादीची गोष्ट सांगितली. शिशाची सांगितली. बोलता बोलता माझा आवाज वर्गात शिकवताना होतो तसा झाला असावा. अब्बांनी कप खाली ठेवला. बराच वेळ ते बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे मी माझ्याच अंगणात विष कालवले, असे म्हणायचे आहे तुला? त्याच दुकानाच्या पैशावर तुम्ही तिघे शिकलात. तू मॅडम झालीस. तेव्हा आम्हाला कोणी सांगितले होते का, की असे करू नका?"

मुलांनो, ते खोटे बोलत नव्हते. जुन्या बॅटऱ्या विक्रेत्याने परत घ्याव्यात आणि नोंदणी असलेल्या कारखान्याकडेच पाठवाव्यात, असा नियम आपल्याकडे २००१ मध्ये झाला. २०२२ मध्ये तो आणखी कडक झाला. खड्डा त्याच्या कितीतरी आधीचा. ॲसिडने अब्बांच्या सदऱ्यांना भोके पडत, बोटांची कातडी सोलून निघे. ती बोटे माझ्यासमोर होती. मला फार लाज वाटली. त्या रात्री मी जेवले नाही. अम्मी म्हणाली, "म्हाताऱ्या माणसाला असे बोलतात का?"

सकाळी फजरच्या नमाजनंतर अब्बांनी मला उठवले. त्यांच्या हातात तो जुना हायड्रोमीटर होता. फुगा वाळून तडकला होता, पण काच शाबूत होती. ते म्हणाले, "मोजल्याशिवाय बोलू नये, असे मीच सांगायचो ना? मग मोज. पण याने होणार नाही. कशाने होईल, ते शोध."

शोधणे सोपे नव्हते. पाण्याची नेहमीची तपासणी करतात, तिच्यात शिसे मोजत नाहीत. त्यासाठी वेगळे यंत्र लागते. दोन ठिकाणी नकार मिळाला. तिसऱ्या ठिकाणी एका प्रयोगशाळेने होकार दिला आणि नमुने कसे घ्यायचे, हेही शिकवले. बोअर काही मिनिटे चालू ठेवून मग त्यांनी दिलेल्या स्वच्छ बाटलीत पाणी भरले. माती तीन ठिकाणची घेतली. एक खड्ड्याच्या जागेची, एक भिंतीजवळची आणि एक आमच्या मामांच्या शेतातली, जिथे कधी बॅटरी गेली नव्हती. मामांनी विचारले, "माझ्या मातीने काय गुन्हा केला?" मी म्हणाले, "मामा, तुमची माती साक्षीदार आहे."

तीन आठवड्यांनी कागद आला. पिण्याच्या पाण्यात एका लिटरला ०.०१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त शिसे नसावे, असे आपले भारतीय मानक आहे. आमच्या बोअरचे पाणी त्या मर्यादेच्या आत होते. आपली काळी चिकण माती शिशाला घट्ट धरून ठेवते, त्याला सहज खाली जाऊ देत नाही. त्या मातीने आमचे पाणी वाचवले होते. पण तिला स्वतःला त्याची किंमत द्यावी लागली होती. खड्ड्याच्या जागी शिसे मामांच्या शेतापेक्षा पुष्कळ पटींनी जास्त निघाले. भिंतीजवळही ते थोडे जास्त होते.

अब्बांनी तो कागद मला दोनदा वाचायला लावला. मग त्यांनी नातीला उचलले, तिचे हात साबणाने धुतले आणि तिला ओट्यावर बसवले. त्यानंतर ती अंगणात त्या बाजूला कधी खेळली नाही. भावाने डॉक्टरांना सांगून तिचे रक्त तपासून घेतले. काळजीचे कारण नाही, असे डॉक्टर म्हणाले. त्या दिवशी अम्मीने शेजारी पेढे वाटले. पेढे कशाचे, हे मात्र अब्बांनी स्वतः चारही घरी जाऊन सांगितले. बोअरचे पाणी त्यांचेही होते, म्हणून खड्ड्याची गोष्ट सांगायला नको का, असे ते म्हणाले. दोन घरांनी ऐकून घेतले. एका घराने बरेच दिवस बोलणे टाकले. अब्बांनी तेही सहन केले.

आता मातीचे काय करायचे? ऑस्ट्रेलियाच्या केसी केंद्राजवळ अशीच एक जुनी कचऱ्याची दरी होती. तिच्यातून शिसे आणि तांबे झिरपून समुद्रात जात होते. २००३-०४ च्या उन्हाळ्यात त्यांनी तो कचरा मातीसकट खणून काढला आणि जहाजाने आपल्या देशात नेला. आमच्याकडे जहाज नव्हते. महाराष्ट्रात घातक कचरा ठेवण्यासाठी तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी अशा ठिकाणी खास जागा आहेत. पण त्या कारखान्यांच्या कचऱ्यासाठी. एका घराच्या अंगणाची माती तिथवर कोण नेणार? जाणत्या माणसांना विचारून आम्ही तेवढी जागा झाकली. वर जाड कोबा केला, पावसाचे पाणी दूर वळवले आणि धूळ उडणार नाही असे पाहिले.

तुम्ही म्हणाल, झाले, प्रश्न सुटला. नाही. शिसे कुजत नाही, आटत नाही. ते कोब्याखाली आहे तिथेच आहे, जसे ते डिझेल बर्फाखाली आहे. कोबा कधीतरी तडकेल. घर कधीतरी विकले जाईल. घेणाऱ्याला काय सांगायचे? आणि आज पाणी चांगले आहे, म्हणून दहा वर्षांनी ते चांगलेच असेल, हे कोण सांगणार?

हा प्रश्न मी अब्बांना विचारला नव्हता. पण पुढच्या वर्षी पावसाळा संपल्यावर त्यांचाच फोन आला. "बेटा, बाटली घेऊन ये. वर्ष झाले."

मी घरी गेले, तेव्हा त्यांनी दुकानाची जुनी हिशेबाची वही काढून ठेवली होती. तिच्यात पूर्वी कोणाची बॅटरी, किती दिवस चार्जिंगला, किती पैसे बाकी, असे लिहिलेले असे. मागची पुष्कळ पाने कोरी होती. एका कोऱ्या पानावर त्यांनी उर्दूत रकाने आखले होते. तारीख, जागा, पाणी, शिसे. पहिल्या वर्षीचा आकडा त्यांनी कागदावरून पाहून स्वतःच्या हाताने भरला होता.

त्या नववीतल्या मुलीला मी दुसऱ्या दिवशी जे उत्तर दिले होते, ते अर्धेच होते. मी तिला बर्फाबद्दल आणि पेंग्विनबद्दल सांगितले होते. नांदेडहून परत आल्यावर मी उरलेले अर्धे तिला आणि सगळ्या वर्गाला सांगितले. जिथे कोणीच राहत नाही, तिथेही टाकलेले राहते, आणि ते कोणाच्या तरी वाट्याला येते. आमच्या अंगणात ते एका दोन वर्षांच्या मुलीच्या वाट्याला येणार होते. या वेळी वर्ग हसला नाही. एका मुलीने विचारले, "मॅडम, आमच्या घरामागे चुलते रंगाचे डबे धुतात. आम्हीही नमुना घ्यायचा का?" दुसरी म्हणाली, तिच्या घरी शेतातल्या औषधाच्या रिकाम्या डब्यात रॉकेल ठेवतात. त्या दिवशी आमच्या वर्गाने फळ्यावर एक यादी केली. यादी लांब झाली. घंटा झाली तरी ती संपली नाही.

मुलांनो, तुम्हीही अशी यादी करा. घरातल्या मोठ्यांना विचारा, पण मी विचारले तसे विचारू नका. आधी त्यांच्या हातांकडे पाहा. त्यांनी जे केले, ते तुमच्यासाठीच केले. आणि जबाबदारी हा शब्द आपण रोज वापरतो. त्यातला जबाब तुमच्या उर्दूतलाच आहे. कोणीतरी विचारील, तेव्हा जबाब देता आला पाहिजे, एवढाच त्याचा अर्थ.

अब्बांच्या वहीत आतापर्यंत तीन ओळी भरल्या आहेत. तिन्ही वेळा पाणी मर्यादेच्या आत आहे. मागच्या खेपेला मी पाहिले, पुढच्या दहा वर्षांची सालं त्यांनी आधीच एकाखाली एक लिहून ठेवली आहेत. या सगळ्या ओळी ते स्वतः भरू शकणार नाहीत, हे त्यांनाही ठाऊक आहे. म्हणून सध्या ते नातीला अंक गिरवायला शिकवत आहेत.